लेकीच्या फॅशन डिझाइनसाठी पीएफ काढायचा का?

सोलापूरहून एका ताईंनी लिहिलंय. मुलगी बारावी झाली, तिला फॅशन डिझाइन करायचंय "नाहीतर ॲडव्हर्टायझिंग". पुण्यातल्या एका खाजगी इन्स्टिट्यूटमध्ये चार वर्षांची फी १६ लाख, त्यातले ५० हजार भरून सीट ब्लॉक केलीये. मिस्टर ४९ वर्षांचे, खाजगी नोकरी, महिना ५२ हजार, ताई घरी ब्लाउज-ड्रेस शिवतात त्याचे दहा एक हजार. पीएफमध्ये ९ लाख, एफडी ६ लाख, ताईंचं ८ तोळे सोनं, घराचं कर्ज अजून चालू आहे, हप्ता साडेअकरा हजार, आणि धाकटा मुलगा नववीत. प्रश्न असा की पीएफ काढून आणि एफडी मोडून फी भरावी, की सोनं विकावं, की इन्स्टिट्यूटवाले देतायत ती "झीरो इंटरेस्ट" ईएमआय घ्यावी?

ताई, आधी एकच सांगते, पीएफला हात लावू नका. शिक्षणासाठी त्यातून पैसे काढता येतात हे खरंय, पण काढता येतात म्हणून काढायचे नसतात. आज पीएफवर ८.२५ टक्के मिळतायत, तो दर टिकला तर हे ९ लाख नवीन एक रुपया न भरता मिस्टर ५८ चे होईपर्यंत १८ लाखांच्या वर जातात. म्हणजे तुम्ही आज ९ नाही, म्हातारपणातले १८ लाख काढताय, आणि तेव्हा ना पगार असेल ना कोणती बँक निवृत्तीसाठी कर्ज देईल. शिक्षणाला कर्ज मिळतं, म्हातारपणाला मिळत नाही, म्हणून पैसे कुठून काढायचे याचा क्रम इथेच ठरतो.

आता १६ लाखांचा हिशोब मांडू, कारण तो मुळात १६ चा नाहीच. पुण्यात हॉस्टेल आणि मेस काटकसरीने धरलं तरी महिना १२ हजार, वर्षाचे दहा महिने, चार वर्षांत ४ लाख ८० हजार. मग लॅपटॉप, साधा चालत नाही, इलस्ट्रेटर-फोटोशॉप आणि थ्रीडीचं सॉफ्टवेअर चालायला हवं, म्हणजे ८० हजार धरा. कापड, टॉइल (कपड्याचा कच्चा नमुना) काढायला मांजरपाट, प्रिंटआउट, पोर्टफोलिओ, शेवटच्या वर्षाचं कलेक्शन, हे वर्षाला ४० हजार. सगळं मिळून २३ लाखांच्या वर. इंटर्नशिप मुंबई नाहीतर दिल्लीकडे लागली आणि स्टायपेंड नाममात्र असला तर तिथलं भाडं वेगळं. हे कौन्सेलरने तुम्हाला कागदावर मांडून दिलं का? नसेल दिलं तर मागा.

समजा फक्त फी कर्जाने भरली, दरवर्षी ४ लाख, व्याज साडेदहा टक्के. एज्युकेशन लोनमध्ये कोर्स संपल्यावर साधारण वर्षभर हप्ता नसतो पण व्याज चढत असतं, त्यामुळे हप्ता सुरू होईल तेव्हा १६ चे जवळपास २२ लाख झालेले असतील. दहा वर्षांचा हप्ता साडेएकोणतीस हजार. पंधरा वर्षं केली तरी चोवीस हजारांच्या वर. आणि फॅशन डिझाइन करून बाहेर पडलेल्या मुलीला एक्स्पोर्ट हाऊसमध्ये ज्युनिअर मर्चंडायझर म्हणून किंवा एखाद्या डिझायनरकडे असिस्टंट म्हणून लागल्यावर पहिला पगार २०-२५ हजार असणं अगदी सामान्य आहे, जाहिरात एजन्सीत ट्रेनी म्हणून लागली तरी फार वेगळं नाही. पुढे वाढतो, चांगल्या हाताच्या मुली पाच-सात वर्षांत छान कमावतात, पण पहिली दोन-तीन वर्षं अशीच असतात. मग तो हप्ता कोण भरणार? मिस्टर, वयाच्या ५४ पासून पुढे, आणि तेव्हा धाकट्याचं कॉलेज चालू असेल.

म्हणून मी सगळ्यांना एकच माप सांगते. पहिल्या खऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत हप्ता बसला पाहिजे, तेवढंच कर्ज. २२ हजार पगार धरला तर हप्ता सात एक हजार, म्हणजे मूळ कर्ज ४ लाखांच्या आसपास. बँकांच्या नेहमीच्या योजनेत ४ लाखांपर्यंत तारणही लागत नाही आणि स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही, ४ ते साडेसात लाखांत काही ठिकाणी जामीनदार मागतात, आणि साडेसातच्या वर तारण, जे तुमच्याकडे नाही कारण घर आधीच गहाण आहे. शिकत असताना नुसतं व्याज भरत राहिलात, पहिल्या वर्षी महिना नऊशेच्या आत आणि चौथ्या वर्षी साडेतीन हजार, तर हप्ता सुरू होताना कर्ज ४ लाखच राहतं आणि दहा वर्षांचा हप्ता ५,४०० च्या आसपास येतो. व्याज असं भरत गेलं तर काही बँका दरातही सूट देतात, मुलींना बऱ्याच ठिकाणी अर्धा टक्का कमी असतो, तेही विचारा. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात मिळणारी, ८०ई म्हणून ओळखली जाणारी वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, मिस्टर नव्यात असतील तर तिचा विचार सोडून द्या.

त्या झीरो इंटरेस्टवाल्या ईएमआयबद्दल. तिच्यात मोकळा काळ नसतो, ॲडमिशनच्या पुढच्या महिन्यापासून हप्ता तुमच्या खात्यातून जाणार. वर्षाची ४ लाख फी बारा हप्त्यांत म्हणजे महिना ३३ हजार, कसे देणार? शिवाय प्रोसेसिंग फी असते, आणि एक हप्ता चुकला की मिस्टरांचा सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) बिघडतो. ही सोय कोर्स विकण्यासाठी केलेली असते, तुमच्यासाठी नाही. नकोच.

सोनंही विकू नका, अडचणीत गोल्ड लोन घ्यायला ते राहू दे.

आता मला जे खरं महत्त्वाचं वाटतं ते. तुम्ही पत्रात दोन गोष्टी ओघात लिहून गेलात, की ती तुमच्याबरोबर शिवायला बसते पण "तिला शिवण्यापेक्षा फोटो काढणं, इन्स्टावर टाकणं, बुटिकचं पोस्टर बनवणं जास्त आवडतं". ताई, हा फरक १६ लाखांचा आहे. फॅशन डिझाइन म्हणजे कापड, पॅटर्न, ग्रेडिंग (एकच पॅटर्न वेगवेगळ्या साइजमध्ये करणं), फिटिंग, टेक पॅक (कपडा कसा शिवायचा त्याचा तपशीलवार कागद), सॅम्पल पास होईपर्यंत तेच तेच पुन्हा करणं, ज्याला कपड्याचं वेड आहे त्याला ते करताना थकवा येत नाही. आणि जाहिरात म्हणजे चित्र, अक्षर, कल्पना, लेआउट, फोटोग्राफी, क्लायंटने अकरा वेळा बदलायला लावलं तरी बाराव्यांदा नीट करून देणं. दोन्ही चांगली कामं आहेत, पण माणूस वेगळा लागतो. "फॅशन नाहीतर ॲडव्हर्टायझिंग" म्हणणारी मुलगी अजून शोधतेय, आणि शोधणाऱ्या मुलीला चार वर्षांच्या महागड्या कोर्समध्ये बांधून घालणं मला पटत नाही.

सोलापूर तर युनिफॉर्मच्या धंद्याचं मोठं केंद्र आहे, ओळखीतून एखाद्या युनिटमध्ये तिला सहा आठवडे कटिंग टेबलवर आणि सॅम्पलिंगला उभी करा, आणि संध्याकाळी एखाद्या डिझाइन-प्रिंटिंगवाल्याकडे बसवा. दीड महिन्यात तिचं तिलाच कळेल हात कुठे रमतो ते, खर्च फक्त येण्या-जाण्याचा.

तुम्ही लिहिलंय तिने अप्लाइड आर्टची सीईटी दिलीये आणि स्कोअर "बरा" आहे. मग खाजगीत धावायची एवढी घाई का? जाहिरातीकडे जायचं तर महाराष्ट्रात बीएफए (फाइन आर्टची पदवी) अप्लाइड आर्ट हाच जुना आणि मजबूत रस्ता आहे, मुंबईतल्या एजन्सींचे कितीतरी आर्ट डायरेक्टर याच वाटेने आलेत. मुंबईचं सर जे. जे. कला महाविद्यालय १८५७ पासूनची संस्था, आता तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे त्यामुळे तिथली फी आणि प्रवेशाची पद्धत त्यांच्याकडेच विचारून घ्या. शिवाय नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी कला महाविद्यालयं आहेत, पुण्यात अभिनव कला महाविद्यालय आहे. कॅप (सरकारची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीतून जिथे मिळेल तिथे जा, नावापेक्षा काम मोठं असतं, एजन्सीत पोर्टफोलिओ बघतात.

आणि अजून एक. तुमचं दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न साडेसात लाखांच्या आत येतंय. २०२४-२५ पासून राज्य सरकारने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ केलीये, पण ती कॅपमधून ॲडमिशन घेतलेल्यांना, आणि खाजगी विद्यापीठं, अभिमत विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे मॅनेजमेंट कोट्यातून किंवा खाजगी विद्यापीठात थेट गेलात की ही सवलत गेलीच. तुम्ही प्रवर्ग कळवलेला नाही, तो कळवा, आणि तिच्या कोर्सला, कॉलेजला ही सवलत आहे का ते महाडीबीटीवर (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) ॲडमिशनच्या आधी तपासा. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला टाका, जुलैत तहसीलमध्ये गर्दी असते.

सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात गेली तर हिशोब असा. राहणं-जेवण महिना १० हजार, चार वर्षांत ४ लाख, लॅपटॉप ८० हजार, रंग-कागद-प्रिंट-कॅमेऱ्याचं काम वर्षाला ३० हजार, झाले ६ लाख, वर फी काय असेल ती. यासाठी एफडीतले साडेतीन लाख वापरा, अडीच लाख घरच्या अडीअडचणीला बाजूला ठेवा त्याला कोणी हात लावायचा नाही, आणि तुमच्या शिवणाच्या पैशातून महिना ६ हजार तिच्यासाठी वेगळे काढा, चार वर्षांत २ लाख ८८ हजार होतात. बसतंय. कर्ज न घेता बसतंय, पीएफ शाबूत, सोनं शाबूत.

आणि चार वर्षांनी तिला खरंच कपड्याकडेच जायचं असेल तर दार बंद होत नाही. निफ्ट या केंद्र सरकारच्या फॅशन संस्थेत एम.डेस. (डिझाइनचं मास्टर्स) आणि फॅशन मॅनेजमेंटच्या मास्टर्सला कोणत्याही शाखेची पदवी चालते, आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात सीड परीक्षेतून जाता येतं. तेव्हा ती २२ ची असेल, काय हवंय ते माहीत असेल, आणि कर्ज घ्यायची जी ताकद आज वाचवली ती तिथे वापरता येईल. मोठा खर्च दिशा कळल्यावर करावा, आधी नाही.

समजा सहा आठवड्यांनी ती म्हणाली की नाही आई, मला कपडाच, तर? मग पुढच्या वर्षी निफ्टची प्रवेश परीक्षा द्यायला लावा. वयाची अट २४ वर्षांखालची आहे, एक वर्ष गेलं तर आभाळ कोसळत नाही. खारघरला कॅम्पस आहे, आणि तिचे दोन्ही शौक एकत्र येतात असा फॅशन कम्युनिकेशनचा कोर्स निफ्टमध्ये आहे, त्यात ग्राफिक्स, स्टायलिंग, फोटोग्राफी, दुकानाची मांडणी असं सगळं येतं, तुमचं वर्णन वाचून मला तर तोच तिच्या स्वभावाचा वाटला. पण निफ्टही स्वस्त नाही, चार वर्षांची ट्यूशनच १० लाखांच्या पुढे जाते. फरक एवढा की केंद्र सरकारची संस्था म्हटल्यावर बँक वेगळ्या नजरेने बघते, पीएम विद्यालक्ष्मी योजनेत यादीतल्या संस्थांना तारणाशिवाय आणि जामिनाशिवाय कर्ज आहे, ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकत असतानाच्या काळात ३ टक्के व्याजसवलत आहे, आणि निफ्टची स्वतःचीही आर्थिक मदतीची योजना आहे. तिथे मी माझं ४ लाखांचं माप थोडं सैल करेन, ६-७ लाखांपर्यंत, कारण कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या वेगळ्या आणि सुरुवातही बहुतेकदा बरी होते. त्या पलीकडे तिथेही नाही.

वर्षभर थांबली तर घरी बसवू नका, आयटीआयमध्ये फॅशन डिझाइन अँड टेक्नॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे, फी अगदी कमी, हात तयार होतो. पॅटर्न नीट काढता येणारी मुलगी कुठेही उपाशी राहत नाही.

जाहिरातीबद्दल काळजीचं एक सांगायलाच हवं. नवीन मुलांना जी कामं मिळायची, एकच जाहिरात वीस साइजमध्ये करणं, फोटोचं बॅकग्राउंड साफ करणं, साधी सोशल मीडिया पोस्ट, ती आता एआय टूल्सने झटपट होतात, त्यामुळे सुरुवातीच्या जागांवर दबाव आहे. म्हणूनच या क्षेत्रात मोठं कर्ज डोक्यावर घेऊन जाऊ नये असं मी म्हणते. कर्ज नसलेली मुलगी १८ हजारांवर चांगल्या माणसाच्या हाताखाली दोन वर्षं शिकू शकते, २९ हजारांचा हप्ता असलेली नाही शिकू शकत, ती मिळेल ती नोकरी धरते.

राहिले ते ५० हजार. ते गेले म्हणून उरलेले साडेपंधरा लाख भरायचे असं करू नका. आधी त्या इन्स्टिट्यूटला लेखी विचारा की डिग्री कोणतं विद्यापीठ देणार आणि ते यूजीसी मान्यताप्राप्त आहे का, की नुसता डिप्लोमा आहे. मान्यता असेल तर यूजीसीचे फी परताव्याचे नियम लागू होतात, प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या जितकं आधी कळवाल तितकी जास्त रक्कम परत, त्या तारखेनंतर ३० दिवस उलटून गेले की काहीच नाही. त्यामुळे फोनवर नाही, ईमेलवर, पावती जोडून, याच आठवड्यात रद्द करायला कळवा. मान्यता नसेल तर पैसे मिळणं अवघड जाईल, पण मग तिथे न जायचं कारणही तेच.

मिस्टरांचा टर्म इन्शुरन्स आहे का हे तुम्ही लिहिलं नाहीत. नसेल तर ५० लाखांचा ६० वयापर्यंतचा घ्या, घरकर्ज आणि दोन मुलांचं शिक्षण एकाच पगारावर उभं आहे. प्रवर्ग, सीईटीचा स्कोअर आणि घरकर्ज किती राहिलंय एवढं कळवा, म्हणजे कॅपचा फॉर्म भरायच्या आधी कॉलेजनिहाय खर्च मांडून देते.