वासावरून निकाल लागत नाही

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल दोनदा वाचला. मातीच्या ट्रॅकवर लेट मॉडेल वर्गाच्या गाड्यांचं फीचर, म्हणजे रात्रीची मुख्य शर्यत, संपल्यावर तपासणीत पहिल्या आलेल्या गाडीच्या उजव्या मागच्या टायरपाशी तू वाकलीस, नाकात थिनरसारखा वास शिरला, तपासणीच्या चीफला सांगितलंस. त्याने ड्यूरोमीटर, म्हणजे रबराचा कडकपणा मोजायचं यंत्र, टेकवला, काटा नियमात बसला आणि गाडी सुटली. ‘सगळ्यांना माहीत आहे, तरी कोणी काही करत नाही’ हे तुझं वाक्य. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय असंच तुला वाटत असणार.

माझं मत तुला आवडणार नाही. त्या रात्री गाडी सोडली ते बरोबर केलं. चुकलं ते एवढंच, की सोडण्याआधी रबराचा तुकडा कापून घेतला नाही.

टेकच्या, म्हणजे गाड्यांच्या तपासणीच्या, टेबलाशी उभं राहायचं तर टायर भिजवणारा नेमकं काय मिळवतो हे आधी डोक्यात पक्कं हवं. संध्याकाळी माती ओली आणि चिकट असते, हीट्समध्ये, म्हणजे सुरुवातीच्या छोट्या शर्यतींत, कुठलाही टायर धरतो. फीचरला रात्रीचे दहा वाजतात. तोवर वरचं पाणी उडालेलं असतं आणि ट्रॅक काळा, गुळगुळीत झालेला असतो. तेव्हा ज्याचं रबर मऊ आणि लवकर तापणारं, तो वळणातून बाहेर पडताना अर्धी गाडी पुढे निघतो. नियम सांगतो की सगळ्यांनी रबराचं एकच कंपाउंड (मिश्रण) वापरायचं. मग नियमातला टायर घेऊन त्यालाच मऊ करायचं, हा उद्योग सुरू होतो. कोणी रबर मऊ करणारं औषध रोलरने फासून टायर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवतं, कोणी व्हॉल्व्हमधून आत ओतून टायर तासन्‌तास फिरवत ठेवतं, म्हणजे ते आतून बाहेर झिरपतं आणि वरून टायर कोरडा ठणठणीत दिसतो. त्यातला प्लास्टिसायझर रबराच्या लांब साखळ्यांमध्ये शिरतो आणि त्या एकमेकींवरून सहज सरकायला लागतात.

ही भूक जुनीच आहे. इथे इंडियानातच बॉब न्यूटन नावाच्या रेसरला रस्त्यावरचे टायर फार कडक वाटले, म्हणून त्याने १९५७ साली मऊ रबर चढवून टायर करायला घेतले. त्यातूनच हूजियर कंपनी उभी राहिली. तेव्हा तो धंदा होता, आज तेच काम गॅरेजमध्ये दार लावून केलं की फसवणूक ठरते. मधल्या काळात नियम आला, फरक तेवढाच. पण तो फरक मोठा आहे.

आता तुझ्या नाकाबद्दल. ‘वास येत नाही, ड्यूरोमीटरला कळत नाही’ अशी जाहिरात करून ही औषधं विकली जातात. म्हणजे ज्याच्या टायरला वास येतो तो एक तर जुन्या वळणाचा आहे, नाही तर निर्दोष आहे. पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करतात त्या जागेत, ब्रेक क्लीनर उडतं, रिम पुसायला डीग्रीझर वापरतात, कोणाचं पेट्रोल सांडलेलं असतं. हे सगळं त्या टायरवर असू शकतं.

ड्यूरोमीटरवरही फार विसंबू नकोस. त्याचा ‘शोअर ए’ मापाचा काटा गरम टायरवर खाली येतो. दाब कमीजास्त झाला, सुई तिरकी लागली, वाचायला दोन सेकंद उशीर झाला, की आकडा बदलतो. शेल्फवर पडून राहिलेला टायर कडक होतो. तो भिजवून पुन्हा नियमात आणला तर काटा त्याच्याच बाजूने साक्ष देईल. वाफ हुंगणाऱ्या यंत्राचंही तेच. त्यात बहुतेकदा १०.६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा दिवा असतो. त्याला टोल्युइनसारखं सॉल्व्हंट लगेच दिसतं आणि स्प्रिंट कार वर्गातल्या गाड्यांचं इंधन, मिथेनॉल, दिसत नाही, ही सोय आहे खरी, पण ब्रेक क्लीनर आणि टायरचं औषध यांतला फरक त्याला सांगता येत नाही. नमुना कोणाचा घ्यायचा हे ठरवायला ही साधनं उत्तम आहेत. शिक्षा त्यांच्यावर देऊ नये.

शिक्षा उभी राहते ती लॅबच्या कागदावर. गॅस क्रोमॅटोग्राफ रबरातलं एकेक रसायन सुटं करतो, मास स्पेक्ट्रोमीटर ते ओळखतो, आणि मग ते त्याच बनावटीच्या कोऱ्या टायरच्या नमुन्याशी ताडून पाहतात. यंत्र सहसा चुकत नाही. चूक होते ती रात्री अकरा वाजता, गाड्यांच्या वजनकाट्याजवळच्या दिव्याखाली, आपल्या हातून. म्हणून हे नीट वाच.

प्रत्येक टायरला नवे नायट्राइलचे हातमोजे आणि नवं पातं. पहिला पापुद्रा काढून फेकून द्यायचा, त्याखालचं रबर घ्यायचं. काचेची बाटली, घट्ट झाकण. प्लास्टिकची साधी पिशवी वापरायची नाही, तिच्यातून वाफ निघून जाते. लेबलं दुपारीच लिहून ठेवायची, कारण मार्करच्या शाईतही सॉल्व्हंट असतं आणि उघड्या नमुन्याशेजारी मार्कर उघडला की वकिलाला आयतं कोलीत मिळतं. एकाच कापातून दोन बाटल्या भरायच्या, एक लॅबला, दुसरी सीलबंद आपल्याकडे. सील करताना ड्रायव्हर किंवा त्याचा क्रू चीफ समोर हवा आणि त्याची सही हवी. सही देत नसेल तर ‘सही दिली नाही’ असं लिहून साक्षीदाराची घ्यायची.

आणि एक गोष्ट, जी मी फारशी कोणाला करताना पाहिलेली नाही. शेवटच्या नंबराच्या गाडीचाही नमुना घे. पकडलेला माणूस हमखास म्हणतो, ‘ट्रॅकवरून लागलं असेल, पुढच्या गाडीचं तेल गळत होतं.’ तीच माती, तीच रात्र, आणि मागच्या गाडीच्या रबरात ते रसायन नसेल, तर ती सबब तिथेच संपते. तिथेही सापडलं, तर तू चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यापासून वाचलीस. एका जादा नमुन्याचा खर्च शर्यती भरवणाऱ्या प्रमोटरला जड वाटेल, तरी हट्ट धर.

डांबरी ट्रॅकवर पैसा जास्त, म्हणून तिथलं उदाहरण देतो. मार्च २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फोंटानाच्या शर्यतीनंतर नॅस्कार या शर्यतींच्या मोठ्या संस्थेने ड्रायव्हर रायन न्यूमनच्या ३१ नंबरच्या गाडीचे टायर ताब्यात घेतले आणि बाहेर तपासायला दिले. प्रकरण औषधाचं नव्हतं. दाब वाढू नये म्हणून हवा हळूहळू निसटावी असं टायरशी केल्याचा आरोप होता. सव्वा लाख डॉलर दंड, ७५ गुण वजा, क्रू चीफ सहा शर्यती बाहेर. अपिलात दंड ७५ हजारांवर आणि गुण ५० वर आले, पण सहा शर्यतींची बंदी कायम राहिली. एवढी मोठी संस्था, एवढी यंत्रणा, तरी अपिलात काही भाग गळतोच. मग आपल्या शनिवारच्या ट्रॅकवर नुसत्या वासाचं काय होईल याचा विचार कर.

तुझ्या चीफला भित्रा म्हणतेस, त्यावर थोडं. प्रमोटरचं पोट पिट पासवर आणि तिकिटांवर चालतं. कडक टेक असलेल्या ट्रॅकवरून चार गाड्या शेजारच्या काउंटीत गेल्या की फीचर ओकंबोकं दिसतं. ही भीती खोटी नाही. पण उलट बाजूही मी पाहिली आहे. मागच्या रांगेतला माणूस, जो आठवडाभर नोकरी करून एकच नवा टायर विकत घेतो, तो कंटाळून गाडी विकतो आणि त्याच्या जाण्याची नोंद कोणी ठेवत नाही. प्रमोटरशी बोलताना ही दुसरी गळती आधी मांड.

या मागच्या रांगेवरून आठवलं, जुन्या टायरांचं. पैसेवाल्या टीम एकदोन रात्री वापरलेले टायर स्वस्तात विकतात आणि नवखी मुलं आनंदाने घेतात. ते आधीच भिजवलेले असतील तर पकडलं जातं ते पोरगं. बहुतेक नियमपुस्तकांत ज्याच्या गाडीवर टायर त्याचीच जबाबदारी असते. मला हा नियम कठोर वाटतो, तरी पटतो, कारण दुसरा कुठलाही नियम केला तर प्रत्येक जण ‘विकत घेतलेला’ म्हणेल. तुझ्या हातात एक आहे. पिटमध्ये नवीन चेहरा दिसला की हे त्याला शर्यतीआधी सांग.

नियमच असा करता येतो का की पोलिसगिरी कमी लागेल? आयोवाच्या आयएमसीए या शर्यतींच्या संस्थेने १९७९ मध्ये मॉडिफाइड गाड्यांचा वर्ग सुरू केला. त्यांच्या क्लेम नियमाने जिंकणाऱ्याचं इंजिन हरलेल्याला ठरलेल्या किमतीत मागता येत असे. हजारो डॉलर ओतलेलं इंजिन असं जाऊ शकतं म्हटल्यावर ओतणाराच दहादा विचार करतो. टायरला असं करता आलं तर बहार येईल. निदान मोठ्या शर्यतीला तरी टायर गेटवर वाटावेत, शिक्का मारावा आणि हिरव्या झेंड्यापर्यंत ट्रॅकच्याच कुलपात ठेवावेत. भिजवायला वेळ लागतो, तो वेळच द्यायचा नाही.

मात्र ग्रूव्हिंग आणि सायपिंग करणाऱ्याकडे संशयाने पाहू नकोस. तापलेल्या पात्याने ब्लॉकमध्ये खाचा पाडणं, बारीक चिरा देणं, घासून पृष्ठभाग उघडा करणं, हे तुमच्या नियमपुस्तकात चालतं. कुठल्या मातीला चीर किती आणि कोणत्या दिशेने द्यायची, हे ज्याला कळतं त्याच्याशेजारी तासभर उभी राहा. इथे इंडियानातल्या कोलंबसला इंजिनांच्या नोकरीसाठी आलेल्या आपल्या पुण्याच्या मंडळींना मी शनिवारी धूळ खायला का जातो ते कळत नाही. मी हे बघायला जातो.

आणि तब्येत. टोल्युइन, झायलीन ही काही अत्तरं नव्हेत. हिवाळ्यात बंद गॅरेजमध्ये, पोरं आजूबाजूला खेळत असताना लोक हे फासतात. तू यापुढे कुठल्याही टायरला नाक लावायचं नाहीस, कामाचा भाग म्हणूनही नाही.

पुढच्या शनिवारच्या आत चीफला कॉफीला ने. त्याच्यावर राग न काढता तीन गोष्टी लेखी माग: नमुन्यासाठी दोन-दोन बाटल्या, शेवटच्या गाडीचा नमुना, आणि लॅबचा निकाल येईपर्यंत बक्षिसाची रक्कम रोखून ठेवण्याचा अधिकार. तिसऱ्यावर तो अडेल. अडला की काय म्हणाला ते शब्दशः लिहून पाठव, त्याचं उत्तर आपण दोघं मिळून तयार करू.

तुझा,
काका