दिग्दर्शकाचा दृष्टिकोन नाही हो, दृष्टी!

प्रश्न आलाय की 'मादाम द्युबारी' या १९१९च्या जर्मन ऐतिहासिक मूकपटावर लिहिताना दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिचच्या व्हिजनला 'दृष्टिकोन' म्हटलं तर चालेल का. नाही चालणार. हल्ली जो उठतो तो डिरेक्टरचा दृष्टिकोन म्हणतो, वीट आलाय ऐकून. दृष्टिकोन म्हणजे तुम्ही कुठे उभं राहून बघता ते, दहाजणांचे दहा असतात. शूटिंगआधीच डोळ्यांपुढे अख्खा सिनेमा उभा राहतो ती दृष्टी, साधा शब्द आहे, वापरा की. व्हिजन आणि आपले वेद-विद्या हे शब्द मुळात एकाच कुळातले, हे नातं सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडा.

खरी गंमत जर्मन शब्दात आहे. दिग्दर्शनाला ते 'रेजी' म्हणतात, फ्रेंचांकडून उचललेला, आणि फ्रेंचांकडे हा कारभाराचा शब्द, म्हणजे सरकारी वसुली मक्त्याने, म्हणजे ठेक्याने, न देता आपल्याच माणसांकरवी करायची ती रेजी, आपल्या जुन्या दप्तरांतली अमानी! आणि सिनेमा कुठला, तर पंधराव्या लुईच्या दरबारातला, ज्याच्या राज्यात वसुलीचे मक्तेदार गब्बर झाले होते. मूळ लॅटिन 'रेगेरे', सरळ नेणं, हाकणं. त्याचेच भाऊबंद आपले ऋजु आणि राजा. इथे काही संस्कृतवाले लगेच 'रंजन करतो तो राजा' घेऊन येतात. अहो, रघुवंशात कालिदासाने तशी कोटी केलीये आणि कवीने ती जरूर करावी, पण व्युत्पत्ती म्हणून काय सांगत सुटता?

माझं म्हणणं असं की लुबिच समजायला अमानी हाच शब्द धरा. त्याने मक्त्याने काहीच दिलं नाही, ना गर्दी ना बारकावे. फ्रेंच राज्यक्रांतीत बॅस्टीलच्या तुरुंगावर चालून जाणारा जमाव बघा आणि मग एमिल यानिंग्जचा लुई बघा, डोळ्यांना पट्टी बांधून दरबारातल्या बायकांबरोबर आंधळी कोशिंबीर खेळता खेळता कोसळतो, देवी आलेल्या असतात. दोन्हीकडे हात तोच. १९४७च्या एका पत्रात लुबिचने स्वतःच लिहिलंय की ऐतिहासिक पात्रांतला ऑपेरा काढून त्यांना माणसं करायचं होतं आणि खाजगी बारकावे त्याला जमावाइतकेच मोलाचे होते. त्याच वर्षी सिनेमाचा अभ्यासक झिगफ्रीड क्राकाउअरने पुस्तकात ठपका ठेवला की या सिनेमाने क्रांतीला खाजगी भानगडींवर आणून ठेवलं. मला हे साफ चुकीचं वाटतं, पट्टी बांधलेला तो राजा बघून राज्य का बुडालं ते कळत नसेल तर जमाव बघूनही कळणार नाही.

आणि हो, दृष्टिकोन लिहायचाच असेल कुठे तर 'ष्टि' ऱ्हस्व. सुटा 'दृष्टी' तेवढा दीर्घ.