जुन्या वास्तूंवर मराठीत लिहितो. लेखात फोटो, व्हिडिओ, ऑडिओ किती टाकावेत? जास्त टाकले की लोक वाचत नाहीत, हे खरं का?

‘किती’ या शब्दापाशीच माझं अडतं. तीस फोटो असूनही लेख वाचला जातो आणि एकाच फोटोने लेख मरतो. शब्दांना जे जमत नाही तेवढंच चित्राकडून करून घ्यायचं आणि ते त्या वाक्याला लागूनच ठेवायचं. सगळं वर गोळा करून सरकती गॅलरी केली की वाचणारा अंगठा फिरवतो आणि निघून जातो.

तुम्ही वास्तूंवर लिहिता म्हणून सांगतो. एका ऑनलाइन दिवाळी अंकाने माझ्याकडे साताऱ्याजवळच्या लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीवर लेख मागितला होता. विरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 या काळात बांधून घेतलेली ही विहीर सुमारे 110 फूट खोल आणि 50 फूट रुंद आहे. तिचा ड्रोनमधून घेतलेला फोटो तुम्हीही पाहिला असेल. अष्टकोनी तोंड, पुढे निमुळती जोडविहीर, वरून शिवलिंगासारखा आकार. सुंदर दिसतो, वाद नाही. पण ज्या मोटांवरून, म्हणजे बैलांनी ओढायच्या पाण्याच्या चामडी पिशव्यांवरून, विहिरीला नाव पडलं त्या चालायच्या कशा, हे त्यात कुठेच कळत नाही.

माझ्या वडिलांनी तरुणपणी मोट हाकलेली. त्यांना विचारून मी एक साधं रेखाचित्र काढलं. खाली चामडी नळी, म्हणजे सोंड असलेल्या मोटेला दोर दोन. जाड नाडा वरच्या चाकावरून जातो, बारीक सोंदूर खालच्या कण्यावरून. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपुढच्या उतारावरून उतरतात तशी मोट वर येते आणि तोवर सोंड दुमडलेली राहते. मोट काठाशी आली की सोंदुराने सोंड थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या कुंडीत ओढली जाते आणि पाणी आपोआप पाटाला लागतं. हे मी आत्ता चार-पाच वाक्यांत लिहिलं, पण मोट न पाहिलेल्या कुणाला ते नीट दिसलं का? नसणार. चित्रात दोन बाण काढले की शाळकरी पोरालाही कळतं. त्याखाली चाळीसेक सेकंदांचं ध्वनिमुद्रण ठेवलं होतं. बैलांना धावेवरून पाठमोरं मागे आणताना मोटकरी कसा हाकारतो, ते वडिलांच्या आवाजात. तो हेल कुठल्या लिपीत लिहिणार?

अंक आला तेव्हा रेखाचित्र गेलेलं, आवाजही गेलेला. सगळ्यात वर ड्रोनचा व्हिडिओ, त्याला बासरी. विचारलं तर संपादक म्हणाले, ‘आवाजात खरखर आहे, आणि लोक ऑडिओ ऐकत नाहीत.’ खरखर म्हणजे आमच्या गोठ्यातल्या म्हशी आणि पत्र्यावरचा पाऊस. मी लेख काढून घ्यायला लावला आणि माझ्या मूळ मांडणीसह स्वतः प्रसिद्ध केला. खाली लोकांनी आपापल्या भागात मोटेच्या कुठल्या भागाला काय म्हणतात ते लिहिलं. एका बाईंनी आजोबांचा हाकारा रेकॉर्ड करून पाठवला. लोक ऐकत नाहीत म्हणे!

‘परी’ (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर जात्यावरच्या ओव्या पाहा. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या प्रकल्पात एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. तिथे ओवीचे शब्द, गाणारीचा आवाज आणि तिचा फोटो एकाच पानावर भेटतात. आवाज काढून टाका, उरेल नुसता तक्ता.

बाकी थोडक्यात. फोटोखालच्या ओळीत ‘विहिरीचे दृश्य’ लिहू नका, ते दिसतंच आहे. फोटो कुठे उभं राहून घेतला आणि कशाकडे बघायचं, ते लिहा. मराठी मजकुराचं चित्र करून टाकण्याची आपली खोड तर बंदच व्हायला हवी. तो शोधात नीट सापडत नाही आणि दृष्टिहीन वाचकाचा फोन तो धड वाचून दाखवू शकत नाही. म्हणूनच प्रत्येक फोटोला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे फोन वाचून दाखवेल असं फोटोचं छोटं वर्णन द्या, मराठीतच. ध्वनिमुद्रणाखाली त्यातले शब्दही लिहा, बसमध्ये बसलेल्याला ऐकता येत नाही. मोबाइलचा चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवू नका. 1200 पिक्सेल रुंदी पुरते, गावाकडच्या नेटवर तेवढाच उघडतो. आपोआप वाजणारं पार्श्वसंगीत नकोच.

ड्रोनवर माझा राग नाही. किल्ल्याची तटबंदी डोंगराच्या सोंडेवरून कशी वळते, हे जमिनीवरून दिसत नाही, तिथे तो हवाच. व्हिडिओचंही तसंच. हालचाल दाखवायची असेल तर वीस सेकंद पुरतात. दुसऱ्याचा फोटो घ्याल तर परवाना तपासा आणि नाव द्या. विकिमीडिया कॉमन्स या मुक्त फोटोसंग्रहातल्या बहुतेक फोटोंनाही नाव द्यावंच लागतं. म्हाताऱ्या माणसांचा आवाज टाकण्याआधी त्यांना विचारा. आणि तो कुणाला पाठवाल तेव्हा आधीच लिहून घ्या की कापायचा नाही आणि त्यावर बासरी चढवायची नाही.