रिपोर्ट नॉर्मल आले तरी

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल सावकाश वाचली. सोनोग्राफी नॉर्मल, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, तरी कॉलेजला निघायची वेळ झाली की मुरडा येतो आणि दोन-तीनदा संडासला जावं लागतं. त्यावर घरचे म्हणतात, सगळे मनाचे खेळ आहेत. तसं नाही गं. डॉक्टरांनी लिहिलेल्या आयबीएसमध्ये, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोममध्ये, आतड्याला जखम नसते, म्हणून तपासणीत काही सापडत नाही. बिघडलेलं असतं ते आतड्याचं काम. तिथल्या नसा हळव्या होतात, आतड्याची हालचाल कधी भरभर तर कधी संथ होते. आतडं आणि मेंदू यांच्यात सारखी देवाणघेवाण चालू असते, त्यामुळे परीक्षा जवळ आली की त्रास वाढतो. दुखणं मात्र खरंच असतं.

हे निदान अंदाजाने करत नाहीत. अशा पोटाच्या विकारांच्या निदानासाठी डॉक्टर वापरतात त्या २०१६ च्या रोम ४ निकषांप्रमाणे गेले ३ महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखायला हवं, त्या दुखण्याचा शौचाला जाण्याशी संबंध, शौचाच्या खेपांत बदल आणि शौचाच्या स्वरूपात बदल यांतल्या दोन तरी गोष्टी हव्यात आणि त्रास सुरू होऊन ६ महिने झालेले हवेत. तुझ्या बाबतीत हे सगळं जुळतं. पण शौचातून रक्त, कारण नसताना उतरणारं वजन, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब किंवा कमी झालेलं हिमोग्लोबिन, यातलं एकही दिसलं तर थेट डॉक्टरांकडे जा. आपल्याकडे आतड्याचा क्षयही असतो, तो राहून जाता कामा नये.

आता तुझ्या सकाळबद्दल, कारण माझ्या मते खरी मेख तिथे आहे. साडेसातला उठायचं, बाथरूमबाहेर बादल्यांची रांग बघून संडासला जाणं टाळायचं, टपरीवर उपाशीपोटी कटिंग घ्यायचा आणि साडेअकराला कॅन्टीनमध्ये तर्रीदार मिसळ. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं हालचाल करू लागतं, आणि सकाळी ती ओढ सगळ्यात जोराची असते. तू ती दाबतेस, मग ती लेक्चरमध्ये गाठते. रांग लागायच्या आत ऊठ, थोडे पोहे किंवा भाकरी खा आणि नंतरची वीस मिनिटं मोकळी ठेव. फोन खोलीतच राहू दे. दिवसभरात चहा-कॉफी मिळून तीन कपांच्या वर जाऊ नकोस.

दूध, गहू, डाळी, सगळं बंद केलंस हे मला अजिबात पटलं नाही. मेसच्या रश्श्यात कांदा-लसणाचं वाटण असतं. त्यातली फ्रुक्टॅन नावाची कर्बोदकं माणसाच्या लहान आतड्यात पचतच नाहीत, पुढे मोठ्या आतड्यातले जीवाणू ती आंबवतात आणि गॅस होतो. तो सगळ्यांनाच होतो, पण हळव्या आतड्याला दुखतो. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात तयार झालेला कमी फॉडमॅपचा, म्हणजे अशी नीट न पचता आंबणारी कर्बोदकं कमी असलेला, आहार याच तत्त्वावर आहे. पण त्यातली बंधनं दोन ते सहा आठवड्यांचीच असतात, नंतर एकेक पदार्थ परत सुरू करून बघायचा असतो, आणि तेही आहारतज्ज्ञाला विचारून. तोवर मेसवाल्या काकूंना रोज थोडं साधं वरण बाजूला काढून ठेवायला सांग. बहुतेक काकू ठेवतात. इसबगोल चमचाभरापासून सुरू कर, भरपूर पाण्याबरोबर. गव्हाचा कोंडा नको, त्याने पुष्कळांचं पोट आणखी फुगतं.

रोज चाल. रात्री दोनपर्यंत जागून वाचणं आता बंद. डॉक्टरांनी अगदी कमी मात्रेत नैराश्यावरची गोळी दिली तर घाबरून सोडू नकोस, आतड्याच्या नसांचा हळवेपणा कमी करायलाही ती वापरतात.

आणि परीक्षेच्या दिवशी पोट बिघडेल म्हणून उपाशी जायचं नाही. डॉक्टरांचं पत्र घेऊन आत्ताच परीक्षा विभागात जा, दाराजवळची जागा आणि मध्ये उठायची परवानगी माग. ते काय म्हणाले ते मला कळव. नकार आला तर पुढचा अर्ज आपण दोघी मिळून लिहू.

तुझी,
डॉक्टर मावशी