मणक्याची इजा आणि एकरकमी तडजोड: सही करावी की लढावं?

प्रश्न: माझे पती 34 वर्षांचे आहेत. आठ महिन्यांपूर्वी दुसऱ्याच्या गाडीची धडक बसून त्यांच्या मज्जारज्जूला टी-4 पातळीवर (छातीमागचा वरून चौथा मणका) इजा झाली. छातीखाली संवेदना नाही, हात मात्र चांगले चालतात. समोरच्या विमा कंपनीने एकरकमी तडजोड देऊ केली आहे आणि उत्तरासाठी तीन आठवडे दिलेत. वकील म्हणतात, लढलो तर दुप्पट मिळू शकेल, पण चार वर्षं लागतील. त्यांचं सगळं करायला मी नोकरी सोडली आहे. दीर म्हणतात, पैसे घ्या, घराचं कर्ज फेडू, उरलेले माझ्या धंद्यात लावा, दरमहा देत जाईन. काय करावं?

उत्तर: आहे त्या आकड्यावर सही करू नका. पण प्रस्ताव फेटाळूनही लावू नका. हे दोन्ही एकाच वेळी जमतं.

तुम्ही पाठवलेले आकडे मी प्रमाणात मांडतो. देऊ केलेली रक्कम 100 धरा. वर्षाचा खर्च तुम्ही 4 लिहिलाय. तो कमी आहे, कारण त्यात तुम्ही स्वतःला धरलेलंच नाही. रात्री दर दोन-तीन तासांनी कूस बदलून देणं, अंघोळ, शौचाची वेळ सांभाळणं, पाठीवर-नितंबांवर लाल डाग (दाबाने होणाऱ्या जखमेची सुरुवात) दिसतो का ते रोज बघणं, हे काम पगारी माणसाने केलं असतं तर त्याचं बिल आलं असतं. तुम्ही आजारी पडलात तर येईलच. दाव्यातून सर्वांत जास्त वेळा सुटून जाणारी बाब हीच, घरच्यांची बिनपगारी सेवा. अनेक ठिकाणी कायदा ती धरतो, पण मागावी लागते. तुमचा बुडालेला पगारही वकिलांना वेगळा सांगा.

कॅथेटरचंच, म्हणजे लघवी काढायच्या नळीचंच घ्या. दिवसाला पाच वेळा आणि दर वेळी नवा, म्हणजे वर्षाला 1,800च्या वर. व्हीलचेअर पाचेक वर्षांत बदलावी लागते, तिची गादी त्याआधीच. अधूनमधून लघवीचा संसर्ग, त्याचं रुग्णालय. हे सगळं धरून माझ्या हिशोबाने वर्षाला 6 लागतील.

आता 100 मधून रुग्णालयाची उसनवारी, वकिलांची फी, न्हाणीघर आणि दारं रुंद करणं, गाडीतले बदल वजा करा. साधारण 30 जातात. उरले 70. गुंतवणुकीचा परतावा महागाईएवढाच मिळाला तर ते 12 वर्षंही पुरत नाहीत. महागाईपेक्षा 2 टक्के जास्त मिळाले तरी 13 वर्षं आणि काही महिने. तेव्हा तुमचे पती 47 वर्षांचे असतील. चांगली काळजी मिळाली तर या पातळीच्या इजेनंतर माणूस त्यापुढे अनेक वर्षं जगतो. त्यात चाकं ढकलून खांदे झिजतात, म्हणजे पुढच्या वर्षांत मदत वाढते, कमी होत नाही.

वकिलांच्या ‘दुप्पट’कडेही तसंच बघा. दहापैकी किती वेळा, हे त्यांना विचारा. समजा सहा वेळा म्हणाले. मग 200 ची सरासरी 120 होते, तीही चार वर्षांनंतर. त्या चार वर्षांत 24 कुठून आणणार? आणि दहातल्या चार वेळा हाती काहीच नाही. तुमच्या घरी खटला एकच चालणार आहे, दहा नाहीत, त्यामुळे सरासरीवर विसंबता येत नाही. अपघातात पतींचीही काही चूक ठरली, उदाहरणार्थ पट्टा लावलेला नव्हता, तर सहसा तेवढे टक्के भरपाई कापली जाते. हे आजच विचारून घ्या, कारण सगळं गणित त्यावर फिरतं.

मग सही का नको? ‘पूर्ण आणि अंतिम’ या दोन शब्दांमुळे. सुधारणेचा मोठा भाग पहिल्या वर्षात होतो, तुमचे आठच महिने झालेत. काही रुग्णांना मज्जारज्जूत द्रवाची पोकळी तयार होते, ती काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी कळते आणि चालणारे हातही अधू करू शकते. टी-6 आणि त्यावरच्या इजेत, म्हणजे तुमच्या पतींच्याही, मूत्राशय तुंबल्यासारख्या साध्या कारणानेही रक्तदाब एकदम धोकादायक चढतो. म्हणून सोबतीला असणारा माणूस हे ओळखणारा हवा, आणि तो स्वस्तात मिळत नाही. सही झाल्यावर यातलं काहीही उद्भवलं तरी खर्च तुमचा.

तर पुनर्वसन डॉक्टरांकडून आयुष्यभराच्या काळजीचा लेखी आराखडा करून घ्या: काय लागेल, किती वर्षांनी बदलेल, वर्षाला किती. त्याच्या जोरावर वकिलांनी प्रतिप्रस्ताव द्यावा. पहिली मागणी अंतरिम रकमेची, म्हणजे वाटाघाटी चालू असताना घर चालेल. दुसरी, एकरकमीचा काही भाग महागाईनुसार वाढणाऱ्या आजीवन वार्षिक हप्त्यांत मिळेल का, याची. काही देशांत न्यायालयं तसे आदेश देतात. पैसे संपतील की आधी माणूस, ही चिंता त्यात दुसऱ्याच्या डोक्यावर जाते. मी तुमच्या जागी असतो तर व्याज थोडं कमी पडलं तरी हेच घेतलं असतं.

एकरकमीच घ्यायची झाली तर परताव्याचं गृहीतक, म्हणजे गुंतवलेले पैसे किती वाढतील हा अंदाज, विमा कंपनीला ठरवू देऊ नका. ब्रिटनमध्ये अशा दाव्यांसाठी महागाई वजा जाता परताव्याचा दर इंग्लंड-वेल्सपुरता 2017 मध्ये 2.5 टक्क्यांवरून उणे 0.75 वर आणला. 30 वर्षांच्या खर्चासाठी त्याचा अर्थ असा, की वार्षिक खर्चाच्या सुमारे 21 पट रकमेऐवजी 34 पट. इजा तीच, खर्च तोच, फक्त दर बदलला.

माझा आकडा विचाराल तर 150 च्या आसपास आले की तडजोड करा. वरचे 30 तेवढेच धरले तर 120 उरतात, ते 20 ते 25 वर्षं जातील. त्यापुढच्या हावेसाठी चार वर्षं अडकू नका.

दिरांचं. त्यांचा हेतू चांगला असेलही, पण हे पैसे धंद्याचं भांडवल नाहीत. धंदा एक वर्ष मंदावला तर तुमच्या घरी कॅथेटर येणं थांबणार नाही. रक्कम पतींच्या नावे वेगळ्या खात्यात ठेवा, दोन वर्षांचा खर्च हाताशी आणि बाकी टप्प्याटप्प्याने गुंतवलेली. चढ्या व्याजाची उसनवारी फेडा. घराचं कर्ज हप्त्यांत चालू दे.

आणि एक खटकलं. पत्रात तुमचं मत आहे, दिरांचं आहे, वकिलांचं आहे. ज्यांचा दावा आहे त्यांचं कुठेच नाही. त्यांचं डोकं आणि हात शाबूत आहेत, सही त्यांची लागणार आहे. हा हिशोब त्यांच्यासमोर मांडा.

राहिले तीन आठवडे. ती विमा कंपनीची मुदत आहे, लेखी मागितली तर बहुधा वाढते. दावा दाखल करण्याची कायद्याची मुदत वेगळी. तिची शेवटची तारीख वकिलांकडून याच आठवड्यात लेखी घ्या, ती चुकली तर तडजोडीला कुणी बसणारही नाही.