खाऱ्या हवेतला लॅपटॉप : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळच्या सदरात केवळ कोकणातील वाचकांचे प्रश्न घेतले आहेत. लॅपटॉपसोबत येणारी माहितीपत्रके कोरड्या हवेतला, बंद खोलीतला वापर गृहीत धरून लिहिलेली असतात, आणि त्यांतील बराचसा सल्ला श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या हवेत अपुरा पडतो. शिवाय बिघाड झाला की तालुक्याच्या गावी जाऊन यंत्र दुरुस्तीला द्यावे लागते आणि आठवडाभर काम अडते. म्हणून दोष कुठे असावा याचा अंदाज घरीच घेता येणे इथे अधिक गरजेचे आहे.

प्रश्न (गुहागर) : आमचे घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. पर्यटकांसाठी घरगुती निवासाची सोय आहे आणि सारी नोंद लॅपटॉपवर असते. गेल्या पावसाळ्यापासून चार्जरची पिन हलवल्याशिवाय चार्जिंग होत नाही. सकाळी काही बटणे दाबली तरी अक्षर उमटत नाही; थोड्या वेळाने ती आपोआप चालू लागतात. दुरुस्ती करणारे मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) बदलायला सांगतात. बदलावा का?

उत्तर : मदरबोर्ड बदलण्याची घाई करू नये. थोड्या वेळाने, म्हणजे यंत्र गरम झाल्यावर, बटणे चालू लागतात, या तुमच्या निरीक्षणातच दोषाचे मूळ सापडते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे अतिसूक्ष्म कण घरात येतात आणि लॅपटॉपचा पंखा ती हवा आत ओढत असल्याने ते मदरबोर्डवर, जोडण्यांवर आणि कीबोर्डखालच्या पातळ पडद्यांत बसतात. कोरड्या हवेत त्यांचा फारसा उपद्रव होत नाही. मात्र हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी शोषून स्वतःच विरघळते. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते ते याच कारणाने. हे खारे पाणी विजेचे चांगले वाहक असते, त्यामुळे जिथे वीज जाऊ नये तिथे ती झिरपते, आणि जिथे जायला हवी तिथे तांबे-पितळेवर हिरवट-पांढरा थर चढून तिची वाट अडते. तुमच्याकडे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असाव्यात.

प्रथम बाहेरचा, यूएसबीने जोडायचा कीबोर्ड लावून पाहावा. भल्या सकाळी, यंत्र थंड असतानाही त्यावरून सर्व अक्षरे उमटत असतील, तर दोष लॅपटॉपच्या कीबोर्डात किंवा त्याच्या चपट्या पट्टीच्या जोडणीत आहे. कीबोर्ड हा स्वतंत्र बदलता येणारा भाग आहे आणि मदरबोर्डच्या तुलनेत त्याचा खर्च बराच कमी असतो.

चार्जिंगच्या बाबतीत दुसरा चार्जर लावून पाहणे हा पहिला उपाय. मात्र त्यावर छापलेले व्होल्ट तुमच्या चार्जरइतकेच असावेत आणि अँपिअर तेवढे किंवा त्याहून अधिक असावेत. दुसऱ्या चार्जरनेही पिन हलवावी लागत असेल, तर लॅपटॉपचा जॅक (चार्जरची पिन जिथे बसते ते भोक) तपासावा. लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर भिंतीतून काढून, बॅटरी सुटी होत असल्यास तीही काढून, ९९ टक्के शुद्धतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित बुडवलेल्या मऊ ब्रशने जॅक आणि पिन हलक्या हाताने पुसावेत आणि पूर्ण वाळल्यावरच जोडणी करावी. सुई, टाचणी किंवा सेफ्टी पिन आत घालू नये. काही लॅपटॉपच्या गोल पिनेत मधोमध एक बारीक तार असते. ती चार्जरची ओळख लॅपटॉपला पटवते. तिच्यावर थर चढला की लॅपटॉप विजेवर चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही, आणि अनेकदा या एवढ्याशा तारेपायी चांगली बॅटरी बदलली जाते. जॅक सैल झाला असेल तर तोही सुटा बदलता येतो. बऱ्याच यंत्रांत तो मदरबोर्डला तारेने जोडलेला असतो, काहींत डाग द्यावा (सोल्डर करावा) लागतो.

पुढची काळजी जागेच्या निवडीपासून सुरू होते. ओटीवर किंवा पश्चिमेच्या खिडकीत लॅपटॉप कायम मांडून ठेवू नये. माजघरासारखी आतली, वारा थेट न येणारी जागा निवडावी. आपल्याकडे पाहुण्यांच्या खोलीत वातानुकूलन असेल तर आणखी एक गोष्ट पाळावी. थंड झालेला लॅपटॉप एकदम बाहेरच्या दमट हवेत आणला की त्यावर आणि त्याच्या आतही दव धरते. तो पिशवीत बंद करूनच बाहेर आणावा आणि अर्धा तास तसाच राहू देऊन मग उघडावा. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यापूर्वी, जाणकाराकडून तो उघडून आतला पंखा आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या साफ करून घ्याव्यात. चिऱ्याची तांबडी धूळ, चुलीचा धूर आणि डासांच्या अगरबत्तीची काजळी यांचा एकत्र थर नुसत्या फुंकरीने निघत नाही.

प्रश्न (देवरुख) : मुलगा मुंबईला असतो. त्याने दिलेला लॅपटॉप आम्ही जून महिन्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात नीट ठेवला होता. गणपतीला तो आल्यावर काढला, तर सुरूच झाला नाही. काहीही न करता बिघडला कसा?

उत्तर : लॅपटॉप न वापरल्यामुळेच बिघडला, असे म्हणावे लागेल. चालू यंत्रातून निघणारी ऊब आतला ओलावा घालवत असते. बंद कपाटात ती मिळत नाही आणि पिशवीत गुंडाळताना जी दमट हवा आत राहिली ती तिथेच कोंडली जाते. त्यातच लिथियम-आयन बॅटरी पडून असतानाही हळूहळू उतरते. ती फार खाली गेली की तिच्यातील संरक्षक सर्किट विद्युतप्रवाह तोडून टाकते आणि लॅपटॉप निर्जीव वाटू लागतो.

चार्जर लावून तासभर काहीही न दाबता ठेवावा. तरीही दिवा लागला नाही, तर चार्जर काढून सुरू करण्याचे बटण तीस सेकंद दाबून धरावे, सोडावे आणि चार्जर पुन्हा लावून पाहावे. आत अडकून राहिलेला विद्युतभार यामुळे निघून जातो. पंख्याचा आवाज येतो पण पडदा काळाच राहतो, असे झाल्यास एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडून पाहावे. टीव्हीवर चित्र आले तर यंत्र ठीक आहे, दोष पडद्याकडे आहे. टीव्हीवरही काही दिसले नाही आणि ठरावीक अंतराने बीप ऐकू आला, तर बहुधा रॅमच्या (तात्पुरत्या स्मृतीच्या सुट्या पट्टीच्या) कडेवर ओलाव्याचा थर बसला आहे. ती काढून, अल्कोहोलने पुसून पुन्हा बसवल्यावर यंत्रे सुरू होतात. बऱ्याच ठिकाणी यासाठी खोडरबर घासतात. त्याने काम भागते, पण सोन्याचा पातळ मुलामा झिजतो आणि रबराचा चुरा खाचेत राहतो, म्हणून अल्कोहोलचाच आग्रह धरावा.

सुरू झाल्यावर तारीख जुनीच दिसली आणि संकेतस्थळे 'सुरक्षित नाही' असा इशारा देऊ लागली, तर घाबरू नये. घड्याळ चालवणारी नाण्याएवढी बॅटरी, बहुधा सीआर २०३२ या क्रमांकाची, संपली असावी. तारीख दुरुस्त करताच इशारा जातो. बॅटरी नंतर बदलून घ्यावी.

यापुढे लॅपटॉप ठेवायचाच झाला तर बॅटरी निम्मी भरलेली असताना बंद करून ठेवावा. पूर्ण भरलेली किंवा पूर्ण उतरलेली बॅटरी साठवणीत लवकर खराब होते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावा, तांदळात ठेवू नये. तांदूळ फारसा ओलावा ओढत नाही आणि त्याचे पीठ मात्र फटींतून आत जाते. सर्वांत उत्तम म्हणजे, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तासभर तो चालवावा, आणि घरातल्या कोणाला तरी त्याचे निमित्त लावून द्यावे : वीजबिल भरायचे असो किंवा नातवंडांशी बोलायचे असो.

प्रश्न (मालवण) : लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नाही, डुगडुगतो. टचपॅडही थोडे वर आले आहे आणि दाबले जात नाही. बाकी सर्व व्यवस्थित चालते. वापरत राहावे का?

उत्तर : नाही. आजच बंद करावा आणि चार्जर काढून ठेवावा. ही फुगलेल्या बॅटरीची खूण आहे. आत वायू तयार झाला की ती वरचे टचपॅड आणि खालचे झाकण ढकलते. टचपॅड दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नये आणि बॅटरीला टोचू तर मुळीच नये, कारण छिद्र पडल्यास ती पेट घेऊ शकते. जाणकाराकडून ती काढून नवी बसवावी आणि जुनी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा स्वीकारणाऱ्याकडे द्यावी. नवी बसवल्यावर, सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असल्यास ती सुरू करावी. दिवसरात्र चार्जरला जोडलेली, पूर्ण भरलेली आणि गरम राहणारी बॅटरीच बहुधा अशी फुगते.

प्रश्न (लांजा) : आमच्याकडे विजेचा दाब सतत कमीजास्त होतो, म्हणून लॅपटॉपसाठी स्टॅबिलायझर घ्यावा असे वाटते. शिवाय चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावला की मुंग्या येतात.

उत्तर : स्टॅबिलायझरवर खर्च करण्याची गरज नाही. तुमच्या चार्जरवरील बारीक अक्षरे वाचावीत. जवळपास प्रत्येक चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असते, म्हणजे दाब बराच उतरला तरी तो सांभाळून घेतो. खरा धोका आहे तो आभाळातल्या विजेचा. वळवाच्या आणि हस्ताच्या पावसात गडगडाट सुरू झाला की चार्जर भिंतीतून उपसून काढावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. स्पाइक गार्ड लहानसहान झटके अडवतो, पण जवळपास पडलेल्या विजेपुढे तो टिकत नाही. इंटरनेट तांब्याच्या तारेने येत असेल तर तीही काढावी. ऑप्टिकल फायबरमधून वीज येत नाही, पण राउटरला वीज पुरवणारी तार असतेच, हे विसरू नये. वादळानंतर पुरवठा सुरू होताना तो अनेकदा येतो-जातो; दिवे स्थिर झाल्यावर दहा मिनिटांनी चार्जर लावावा.

मुंग्या येण्याचे कारण अर्थिंगमध्ये आहे. चार्जरमधील गाळणीतून (फिल्टरमधून) अत्यल्प प्रवाह बाहेरच्या धातूपर्यंत येतो आणि अर्थिंग नीट असल्यास तो जमिनीत जातो. आपल्या जांभ्याच्या सड्यावर माती पातळ असते आणि उन्हाळ्यात ती कोरडी ठणठणीत होते, त्यामुळे अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. चार्जर तीन पिनांचा असावा, तो दोन पिनांच्या जोडणीतून लावू नये, आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. हे काम पुढे ढकलू नये; लॅपटॉपला त्रास किरकोळ असला, तरी त्याच अर्थिंगवर घरातला पंप आणि फ्रीज अवलंबून आहेत.

प्रश्न (कुडाळ) : कीबोर्डवर कोकमाचे सरबत सांडले. पुसून घेतले आणि लॅपटॉप चालूही आहे. आणखी काही करायला हवे का?

उत्तर : हवे. पाणी वाळून जाते, पण कोकमातले आम्ल, आगळातले (कोकमाच्या खारवलेल्या रसातले) मीठ आणि सरबतातली साखर मागे राहते आणि दमट हवेत तांब्याच्या रेषा खात राहते, त्यामुळे दोष महिन्याभराने डोके वर काढतो. लॅपटॉप बंद करावा, चालू करून खात्री करून घेण्याचा मोह टाळावा, आणि तो उघडून आतून अल्कोहोलने स्वच्छ करून घ्यावा. पुढच्या खेपेस असे काही सांडले, तर त्या क्षणी चार्जर काढावा, सुरू करण्याचे बटण दाबून धरून यंत्र बंद करावे आणि ते कीबोर्ड खाली येईल असे पालथे ठेवावे. हेअर ड्रायरची गरम हवा मारू नये.

प्रश्न (चिपळूण) : आठ-नऊ वर्षे जुना लॅपटॉप फार मंद झाला आहे. विंडोज १० चे अपडेट बंद झाल्याने नवाच घ्या, असे दुकानदार म्हणतात. त्यात आमच्या बागेचे हिशेब, सात-बारा उतारे आणि जुने फोटो आहेत.

उत्तर : मंदपणा आणि अपडेट हे दोन वेगळे प्रश्न आहेत. यंत्रात फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी (न फिरणारी, चिपवर माहिती साठवणारी डिस्क) बसवल्याने जो फरक पडतो तो दुसऱ्या कोणत्याही उपायाने पडत नाही, आणि नव्या लॅपटॉपच्या मानाने हा खर्च अगदीच थोडा आहे. रॅम ४ जीबी असल्यास ती ८ करावी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) आणि ठरावीक प्रोसेसर लागतात. इंटेलचा असल्यास सर्वसाधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा. तो नसेल तर विंडोजऐवजी लिनक्स या मोफत कार्यप्रणालीचा विचार जरूर करावा. हिशेब, पत्रे, मराठी टंकलेखन आणि इंटरनेट एवढेच काम असेल तर ते त्यावर उत्तम चालते.

मात्र यांपैकी काहीही करण्याआधी तुमच्या फाइलींची प्रत काढावी. २२ जुलै २०२१ चा वाशिष्ठीचा पूर आपण पाहिला आहे. त्या पुरात ज्यांचा लॅपटॉप आणि प्रतीची डिस्क एकाच टेबलाच्या खणात होती, त्यांची दोन्ही एकदमच पाण्याखाली गेली असणार. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घरात, वरच्या मजल्यावर ठेवावी; दुसरी गावाबाहेर, मुंबई-पुण्याच्या नातेवाइकाकडे. ते सणाला येतील तेव्हा डिस्क बदलून न्यावी म्हणजे प्रत ताजी राहते. सात-बारा उतारा पुन्हा मिळू शकतो, हिशेब आणि फोटो मिळत नाहीत, म्हणून कमी जागा असल्यास त्यांना प्राधान्य द्यावे. आणि पुरात भिजलेली हार्ड डिस्क हाती आली तर ती घरी वाळवून जोडून पाहू नये. आतल्या तबकडीवर गाळ असेल तर फिरवल्याबरोबर ओरखडे पडतात आणि मजकूर कायमचा जातो. ती तशीच, न जोडता, माहिती परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवावी.