शेतीसाठीचा सरकारी पैसा शेतकऱ्यापर्यंत पोचतो का, हे तपासायचं कसं?

तुम्ही विचारलंय की खत-बियाण्याच्या अनुदानाचं सरकारी अहवालात 'शंभर टक्के वाटप' दिसतं, पण गावात विचारलं तर निम्मे लोक नाही म्हणतात. मग खरं काय आहे ते तीन माणसांनी दोन महिन्यांत कसं शोधायचं? मी बरीच वर्षं अशाच पाहण्या करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शोधता येतं. पण आधी एक लक्षात घ्या, 'वाटप' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. कार्यालयाच्या लेखी पैसा किंवा माल त्यांच्या हातून पुढे गेला की वाटप झालं. शेतकऱ्याच्या लेखी पोतं बांधावर आलं की वाटप झालं. बऱ्याचदा दोघंही खरंच बोलत असतात. तुम्हाला काम करायचंय ते या दोन वाटपांच्या मधल्या रस्त्यावर.

या मोजणीची रीत मुळात शेतीतली नाही, शाळांमधली आहे. 1990च्या दशकात युगांडात शिक्षणावरचा खर्च वाढत होता आणि पटसंख्या मात्र कागदावर जागची हलत नव्हती. तेव्हा रित्वा राइनिक्का आणि याकोब स्वेन्सन या अर्थतज्ज्ञांनी 250 शाळांचे हिशेब गोळा केले. वरून किती सुटले आणि शाळेच्या वहीत किती जमा झाले, हे दोन आकडे त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. 1991 ते 1995 या काळात विद्यार्थ्यामागे मिळायच्या अनुदानातले सरासरी 13 टक्केच शाळेपर्यंत पोचले होते. बहुतेक शाळांना तर काहीच मिळालं नव्हतं. पैसा मधल्या जिल्हा पातळीवर थांबत होता. मग सरकारने कोणत्या जिल्ह्याला किती सोडले ते वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली, आणि 2001पर्यंत पोचणारा वाटा 80 टक्क्यांच्या वर गेला. याचं सगळं श्रेय वर्तमानपत्रांना देतात ते मला पटत नाही, कारण तिथल्या सरकारी पैशाच्या कारभाराची घडीच त्या काळात बदलत होती. पण रीत अजूनही तीच आहे: एकच रक्कम प्रत्येक टप्प्यावर पुन्हा मोजायची.

शेतीत हे शाळेपेक्षा फार अवघड जातं. शाळा एका जागी असते, तिला हजेरीपट असतो. शेतकरी विखुरलेले असतात. खताचं पोतं फोडता येतं, विकता येतं, उसनं देता येतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे हंगाम. पुस्तक महिनाभर उशिरा आलं तरी मूल ते वाचतं. पेरणी झाल्यावर आलेलं बियाणं मात्र त्या वर्षापुरतं वायाच गेलं, तरीही रजिस्टरात ते 'पोचलेलं'च असतं. म्हणून तारीख ही रकमेइतकीच महत्त्वाची. नवे लोक नेमकी तीच लिहून घ्यायला विसरतात.

तारखेचं मोल मला एका खतवाटपाच्या पाहणीत कळलं. आम्ही गोदामाची आवक नोंदवही आणि वाटप रजिस्टर एकाच वेळी टेबलावर मागवलं. वाटप रजिस्टर फार सुबक होतं. प्रत्येक नावापुढे सही नाहीतर अंगठा, प्रत्येकाला दोन पोती, कुठे खाडाखोड नाही, सगळं एकाच शाईत. मला तिथेच शंका आली. खरंच वाटप होतं त्या दिवशी रांग असते, कोणी मुलाला पाठवतं, कोणाला एकच पोतं मिळतं, मधेच पेन बदलतं. आवक वहीत ट्रक उतरल्याची तारीख होती 19. वाटप रजिस्टरात पहिल्या काही पानांवर तारीख होती 14. माल गोदामात यायच्या पाच दिवस आधी लोकांनी तो उचलला होता!

गोदाम सांभाळणाऱ्याने लपवाछपवी केली नाही. अहवाल वर पाठवायची मुदत आधीची होती, म्हणून सह्या आधी घेऊन ठेवल्या, असं त्याने सरळ सांगितलं. मग आम्ही त्याच पानांवरच्या लोकांच्या घरी गेलो. बऱ्याच जणांना पोती नंतर मिळाली होती. काहींना दोनऐवजी एक मिळालं होतं. आणि काही जण सही करून घरी परतले, त्यांना कोणी पुन्हा बोलावलंच नाही. म्हणजे रजिस्टर खोटं होतं म्हणून सगळा माल चोरीला गेला असं नव्हतं, आणि बऱ्याच जणांना मिळाला म्हणून सगळं ठीक होतं असंही नव्हतं. घरोघरी न जाता त्या कागदावरून आम्ही जो काही निष्कर्ष काढला असता तो चुकलाच असता.

त्याच फेरीत एका बाईंनी "हो, मिळालं की" असं सांगितलं. मी सहज विचारलं, "कशातून आणलंत?" त्या थांबल्या. म्हणाल्या, "आणलं नाही अजून. सही केली ना." त्यांच्या दृष्टीने सही झाली म्हणजे मिळालं. तेव्हापासून माझ्या प्रश्नावलीत 'मिळालं का?' हा प्रश्न नाही. पोतं कोणत्या दिवशी आणलं, तेव्हा पेरणी झाली होती का, डोक्यावरून आणलं की गाडीतून, गाडीभाडं कोणी दिलं, हातात पैसे किती मोजले, पावती आहे का, रिकामं पोतं घरात आहे का, हे मी विचारते. रिकामी पोती लोक सहसा टाकत नाहीत. त्यावरचा छाप बघितला की माल कोणता होता ते कळतं. जो खरंच जाऊन माल घेऊन आलाय त्याला या प्रश्नांची उत्तरं आठवावी लागत नाहीत, ती आपसूक येतात. आणि 'हातात किती मोजले' हे नक्की विचारा. पोती पूर्ण मिळतात, पण ठरलेल्या भावाच्या वर काहीतरी द्यावं लागतं, हा प्रकार पोत्यांच्या मोजणीत कधीच दिसत नाही.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. बहुतेक जण लाभार्थ्यांची यादी मागवतात, त्यातली शंभर नावं उचलतात आणि त्यांच्या घरी जातात. असं केलं तर यादीत असून ज्याला मिळालं नाही तो सापडतो. यादीत नाव असायला हवं होतं पण नाही, असा माणूस तुम्हाला आयुष्यात सापडणार नाही.

भारतातलं एक उदाहरण बघा. केंद्र सरकारने 2008मध्ये शेतकऱ्यांसाठी कर्जमाफी जाहीर केली. पात्र शेतकऱ्यांच्या याद्या कर्ज देणाऱ्या बँकांनीच केल्या. कॅगने, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या यंत्रणेने, या योजनेची तपासणी केली, तो अहवाल 2013मध्ये आला. माफी मिळालेली 80,299 खाती तपासली, त्यातली 8.5 टक्के अपात्र निघाली. अपात्रांना पैसे गेले ही बातमी होतेच. पण तपासणाऱ्यांनी आणखी एक काम केलं होतं, ज्याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो. ज्यांना माफी मिळालीच नव्हती अशी 9,334 खातीही त्यांनी नऊ राज्यांत उघडून बघितली. त्यात 1,257 जण, म्हणजे 13.46 टक्के, पात्र असूनही बँकेच्या यादीत घेतलेच गेले नव्हते. त्या शेतकऱ्यांच्या नावे एक रुपयाचीही अफरातफर दाखवता आली नसती, कारण त्यांच्या नावे काही निघालंच नव्हतं. तरी नुकसान त्यांचंच झालं.

म्हणून तुमची यादी तुम्ही स्वतः करा. गावाच्या एका टोकापासून निघा, वाडी-वस्ती धरून प्रत्येक पाचवं घर घ्या, योजनेच्या अटींप्रमाणे ते घर बसतं का ते बघा, आणि मगच सरकारी यादी उघडा. कष्ट दुप्पट पडतात, पण यातून कमी काही करून उपयोग नाही.

यादी कोणी केली हेही विचारा. टांझानियात 2008च्या सुमारास खत आणि सुधारित बियाण्यांसाठी व्हाउचर, म्हणजे सवलतीत माल घेण्याच्या चिठ्ठ्या, वाटायला सुरुवात झाली. कोणाला द्यायची ते गावसमितीने ठरवायचं होतं. गावातले लोक गावाला ओळखतात, गरजू कोण ते त्यांनाच ठाऊक, ही कल्पना चांगलीच होती. पण किलिमांजारो भागातल्या अभ्यासात दिसलं की जवळपास 60 टक्के व्हाउचर गावच्या निवडून आलेल्या पदाधिकाऱ्यांच्याच घरी गेली होती. यात हिशेब कुठेच चुकत नाही. व्हाउचर खरी, खत खरं, सह्याही खऱ्या. फक्त ज्यांच्यासाठी योजना आखली ते लोक यात नाहीत. हे पकडायचं तर प्रश्नावलीत एक रकाना हवा: घरातलं किंवा नात्यातलं कोणी समितीवर, पदावर आहे का? हा प्रश्न अगदी शेवटी विचारा, आणि आवाज चढवून विचारू नका.

खात्यात पैसे जमा झाले की पुढचं बघायला नको, असं तुमचे सहकारी म्हणतात असं तुम्ही लिहिलंय. मला ते मान्य नाही. जमीन मालकाच्या नावे आणि कसणारा दुसरा, असं असेल तर जमिनीच्या कागदावर मिळणारं अनुदान थेट मालकाला जातं. कसणाऱ्याच्या नावे मिळालं तरी मालक खंड, म्हणजे जमिनीचं भाडं, वाढवू शकतो. अमेरिकेतल्या शेती अनुदानावर बॅरेट किर्वान यांनी 2009मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. कसणाऱ्याला मिळालेल्या अनुदानाच्या प्रत्येक डॉलरमधला साधारण चौथा हिस्सा वाढीव खंडाच्या रूपाने जमीनमालकाकडे जात होता. एवढ्या खोलात दोन महिन्यांत जाता येणार नाही हे खरं. पण 'जमीन कोणाची, कसतं कोण, खंड कधी वाढला' हे तीन प्रश्न विचारायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

फोनवरून चौकशी केली तर चालेल का, असंही तुम्ही विचारलंय. चालेल, आणि त्याचा एक वेगळाच उपयोग आहे. तेलंगणात 2018मध्ये रयतू बंधू योजनेत 57 लाख शेतकऱ्यांना पेरणीच्या खर्चासाठी चेक वाटायचे होते. संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून निवडावेत तसे काही भाग निवडले आणि तिथल्या अधिकाऱ्यांना एवढंच कळवलं की शेतकऱ्यांना फोन करून वाटप कसं झालं ते विचारलं जाणार आहे. त्या भागांत चेक न मिळालेल्या शेतकऱ्यांची संख्या 7.8 टक्क्यांनी घटली. ना दंड, ना बक्षीस. कोणीतरी शेतकऱ्याला विचारणार आहे एवढं माहीत असणं पुरेसं ठरलं. तेव्हा तुम्ही पाहणी करणार आहात हे कार्यालयापासून लपवू नका. फक्त कोणत्या गावांत जाणार ते आधी सांगू नका. आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या घरी चालत जा. सुटून गेलेल्यांत तेच जास्त असतात.

लोकांच्या सुरक्षिततेबद्दल एक सांगायचंच आहे. तुम्ही दोन महिन्यांनी निघून जाल. ज्या माणसाने 'सही घेतली पण पोतं दिलं नाही' असं सांगितलं त्याला पुढच्या हंगामात त्याच गोदामाच्या दारात उभं राहायचं आहे. उत्तरांच्या कागदावर नाव लिहू नका, क्रमांक लिहा, आणि क्रमांक कोणाचा ती वही वेगळी ठेवा. अहवालात गाव इतकं लहान दाखवू नका की माणूस ओळखू येईल. युरोपीय संघात तर हा वाद न्यायालयात गेला. शेती अनुदान घेणाऱ्या व्यक्तींची नावं सरसकट प्रसिद्ध करणं हे खासगीपणावर अतिक्रमण आहे असा निकाल नोव्हेंबर 2010मध्ये लागला, आणि पुढे नियम बदलताना अगदी लहान रकमा घेणाऱ्यांची नावं झाकायचं ठरलं. मला ते योग्य वाटतं. कोट्यवधी घेणाऱ्याचं नाव लोकांना कळायला हवं, दोन पोती घेणाऱ्याला त्याची झळ लागायला नको.

आता तुमच्या तीन माणसांचं आणि दोन महिन्यांचं. सगळ्या योजना घेऊ नका. एकच वस्तू घ्या, शक्यतो खत, कारण ते मोजता येतं. एक गोदाम आणि त्यावर अवलंबून असलेली चार-पाच गावं घ्या. एकाने कार्यालयातले कागद बघायचे: मंजुरी, सोडलेली रक्कम, गोदामाची आवक, वाटप. दोघांनी गावात फिरायचं. पहिले दोन आठवडे कागद बघणाऱ्याने गावात फिरणाऱ्या दोघांना काही सांगायचं नाही, म्हणजे यादीतली नावं ऐकून प्रश्न वाकडे होणार नाहीत. सगळं जमलं की निष्कर्ष छापण्याआधी एकदा कार्यालयात नेऊन दाखवा. कधी कधी ते असं कारण सांगतात जे तुम्हाला सुचलंच नसतं, जसं की ट्रक दुसऱ्या गोदामाकडे वळवला होता. ते खरं आहे का तेही मग तपासता येतं.

आणि सुरुवात पेरणीच्या आधी करा. ट्रक गोदामात उतरताना तुमच्यातलं एक जण तिथे हवं, वही घेऊन. पोती शेतात रिकामी झाल्यावर मोजायला काही उरत नाही.